उडता ड्रोन हवेतच पळवता येतो का? (चित्ररथ मिरवणुकीतली भानगड)

शहापूर_स्टुडिओ

मंडळी, प्रश्न सरळ आहे. आपला उडता ड्रोन दुसऱ्या कुणाला ताब्यात घेता येतो का? किंवा जॅमर लावून बंद पाडता येतो का?

झालं असं. बेळगावातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीतल्या एका मंडळाचं शूटिंग आमच्याकडे होतं. ड्रोन आमच्याकडचं पोरगं उडवतं, हात चांगला आहे त्याचा. समादेवी गल्लीजवळच्या एका बोळातून ड्रोन उडवला, पताकांच्या खालून बोळभर पुढे काढला आणि मोकळ्यावर आल्यावर वर घेऊन मिरवणुकीवर नेला. समोरासमोर दोन चित्ररथ, दोन्हीकडे डॉल्बी, एलईडी वॉल, पाय ठेवायला जागा नाही. एकदम मोबाइलवरचं चित्र गोठलं, मग काळं झालं. रिमोट म्हणतोय सिग्नल नाही. वर बघतोय तर ड्रोन सरळ उंच चढला, तोंड फिरवलं आणि आमच्याकडे यायचं सोडून भलत्याच गल्लीच्या दिशेने निघाला. भिरभिरत नाही, हेलकावे खात नाही. अगदी शांत, कुणीतरी चालवत असल्यासारखा.

सकाळी गच्चीवर कुरडया घालायला गेलेल्या एका आजींना सापडला. पंखे शाबूत, ओरखडासुद्धा नाही. त्यांनी जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. आम्हाला देताना म्हणाल्या, "ह्यात बॉम्बबिंब नाही न्हवं?"

आता गल्लीत पक्ष पडलेत. एक म्हणतो पोलिसांनी जॅमर लावला होता. दुसरा म्हणतो धंद्यातल्याच कुणीतरी हॅक केला. तिसरा पक्ष आपला नेहमीचा, मराठी मिरवणूक म्हणून मुद्दाम केलं म्हणणारा. जाणकारांनी सांगावं.

निपाणीकर

तिसऱ्या पक्षाला सांगा, सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. त्यात तुमचा ड्रोन जोडू नका, तारीख आणखी लांबेल.

शेवटच्या_बाकावरचा

इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून थोडं बोलतो. पळवता येतो का? येतो. पण कुठला ड्रोन, ते आधी सांगा.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये सॅमी कामकार नावाच्या अमेरिकन संशोधकाने 'स्कायजॅक' करून दाखवलं. त्याने स्वतःच्या ड्रोनवर रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसवला आणि उडता उडता आसपासचे पॅरट कंपनीचे एआर ड्रोन पकडले. ते ड्रोन म्हणजे हवेत फिरणारं उघडं वायफाय होतं, पासवर्डच नाही. मालकाचा मोबाइल त्या वायफायवरून ढकलून द्यायचा आणि त्याच्या जागी आपण बसायचं, एवढाच खेळ. ऑनलाइन चार-पाच हजारांत मिळणारे खेळण्यातले वायफाय ड्रोन बरेचसे आजही ह्याच जातीचे आहेत. आमच्या लॅबमध्ये सरांसमोर, आमच्याच खेळण्यावर, हे करून बघितलंय. मालक मोबाइलवर बोट फिरवत बसतो आणि ड्रोन त्याचं ऐकत नाही.

महागातले पण सुटले नाहीत. २०१६ मध्ये निल्स रोडे नावाच्या संशोधकाने सॅन फ्रान्सिस्कोच्या आरएसए ह्या सायबर सुरक्षा परिषदेत पोलीस वापरतात तसल्या महागड्या ड्रोनचा ताबा घेता येतो हे दाखवलं. ड्रोन आणि रिमोट यांच्यामधला रेडिओ दुवा एनक्रिप्ट केलेलाच नव्हता, म्हणजे सांकेतिक भाषेत बांधलेला नव्हता, आणि वायफायला डब्ल्यूईपी नावाचं जुनंपानं, सहज फुटणारं कुलूप. त्याच वर्षी टोकियोत जोनाथन अँडरसन ह्यांनी 'इकारस' नावाची पेटी दाखवली. छंदवाल्यांच्या रिमोटमध्ये चालणारी डीएसएमएक्स पद्धत ती फोडायची. ताबा गेला की मूळ मालकाच्या हातातला रिमोट नुसता प्लॅस्टिकचा ठोकळा.

तुमचा ड्रोन कोणत्या कंपनीचा, ते इथे लिहू नका. रिमोटशी तो वायफायने बोलतो की कंपनीच्या स्वतःच्या दुव्याने, एवढंच सांगा.

शहापूर_स्टुडिओ

कंपनीचा स्वतःचा दुवा. वायफाय फक्त फोटो मोबाइलवर घेताना.

शेवटच्या_बाकावरचा

मग धंद्यातल्या भावाने हॅक केला ही गोष्ट विसरा. तेवढं जमत असतं तर तो लग्नाचे अल्बम करत बसला नसता.

रेडिओआजोबा

टेलिफोन खात्यातून निवृत्त, हॅम म्हणजे हौशी रेडिओचं लायसन्स आहे, वेळ भरपूर आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायचं तर वाचा.

पळवणं आणि गोंधळ घालणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लोक एकात एक करतात. पळवायला ड्रोनची भाषा यावी लागते, त्याचं कुलूप उघडावं लागतं. गोंधळ घालायला अक्कल लागत नाही, ताकद लागते. डॉल्बीच्या भिंतीसमोर उभं राहून शेजाऱ्याच्या कानात बोलायचा प्रयत्न करा, जॅमर म्हणजे काय ते कळेल. डॉल्बीला तुमचं बोलणं समजावं लागत नाही.

बाजारातले बहुतेक ड्रोन २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत चालतात. ह्या पट्ट्या सगळ्यांना मोकळ्या. घरचं वायफाय, ब्लूटूथ, वायरलेस माइक, कॅमेऱ्याचं चित्र पाठवणारे डबे, सगळे तिथेच. चांगला ड्रोन ह्या गर्दीतून वाट काढायला सेकंदात कितीतरी वेळा फ्रिक्वेन्सी बदलतो, म्हणजे रिमोट आणि ड्रोन ठरलेल्या क्रमाने एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उड्या मारतात. तो क्रम माहीत नसलेल्याला एका जागी आवाज करून फारसं काही साधत नाही. त्याला सगळी पट्टीच आवाजाने भरून टाकावी लागते.

दुवा तुटला तर ड्रोन दगडासारखा खाली पडत नाही. त्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं: जागेवर थांब, किंवा तिथल्या तिथे उतर, किंवा 'घरी', म्हणजे उडताना नोंदवलेल्या जागी (होम पॉइंट), परत ये. बहुतेक जण शेवटचा पर्याय ठेवतात. मग तो ठरवलेल्या उंचीवर चढतो, वळतो आणि जीपीएसच्या भरवशावर परत निघतो.

आता खरा कच्चा दुवा तो, जीपीएस. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत. तिथून १५७५.४२ मेगाहर्ट्झवर येणारा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की रिसीव्हरला तो गोंगाटाच्या खालून उकरून काढावा लागतो. असल्या सिग्नलला दाबायला लहानसा जॅमरसुद्धा पुरतो. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगच्या बंदरावर ड्रोनचा रोषणाईचा खेळ चालू होता. जीपीएसमध्ये व्यत्यय आला आणि ४६ ड्रोन पाण्यात गेले.

त्याच्याही पुढची पायरी म्हणजे खोटा जीपीएस देणं, ज्याला स्पूफिंग म्हणतात. २०१२ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉड हम्फ्रीज ह्यांच्या चमूने न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्सला सरकारी अधिकाऱ्यांसमोर एका लहान हेलिकॉप्टर ड्रोनला खोटे सिग्नल देऊन खाली आणायला लावलं. ड्रोनला वाटलं आपण वर चाललोय, म्हणून तो स्वतःच खाली येऊ लागला. इथे रिमोटचं कुलूप कुणी तोडलं नाही, ड्रोनलाच चकवा लागला. नागरी जीपीएसला खरा-खोटा ओळखायचं कुलूप नाही, म्हणून हे जमतं.

निपाणीकर

आजोबा, इराणने अमेरिकेचं आख्खं विमान असंच उतरवलं होतं न्हवं?

रेडिओआजोबा

२०११ च्या डिसेंबरमधलं आरक्यू-१७०, अमेरिकेचं टेहळणीचं बिनपायलटचं विमान. आम्ही फसवून उतरवलं, असं इराण म्हणतं. बिघाड झाला, असं अमेरिका म्हणाली. खरं काय त्याचा निकाल अजून लागलेला नाही. आणि ते लष्करी प्रकरण, आपण लग्नाच्या ड्रोनवर बोलतोय.

चिकोडीचा_ऊस

माझं वेगळंच. आमच्या उसावर फवारणीचा ड्रोन भाड्याने आणला होता. रानाच्या कडेने हाय टेन्शनची लाइन जाते. त्या बाजूच्या सरीत आला की ड्रोन तिरका चालायचा, मग गोल गोल घ्यायला लागायचा. भाऊबंद म्हणाले वीजवाल्यांनी काहीतरी लावलंय. ड्रोनवाला म्हणाला होकायंत्र बिघडतंय. त्याने ते परत जुळवून घेतलं आणि लाइनकडच्या सरी पंप पाठीवर घेऊनच मारल्या. तारांच्या तेवढ्या जवळ जायचंच नाही म्हणाला.

घारींचा पण त्रास आहे. एकदा घार सरळ ड्रोनवर आली. त्याला काय जॅमिंग म्हणायचं?

शेवटच्या_बाकावरचा

@चिकोडीचा_ऊस घारीला तर सैन्यात नोकरी आहे. २०२२ मध्ये उत्तराखंडात औलीला भारत-अमेरिका युद्धसराव झाला, तिथे आपल्या सैन्याने ड्रोन पाडायला शिकवलेली घार दाखवली. नाव अर्जुन. डच पोलिसांनी त्याआधी गरुड पाळून बघितले होते, पण २०१७ मध्ये तो नाद सोडला.

होकायंत्राचं मात्र खरं आहे. लोखंडी सळ्यांची गच्ची, जीपचं बॉनेट, पत्र्याची शेड, असल्या ठिकाणांहून उडवला की त्याची दिशा चुकते. मग तो स्वतःला सावरायला जातो आणि आणखी लांब जातो. बघणाऱ्याला वाटतं पळवला.

कणकुंबी_मार्गे_गोवा

आमच्याकडे जांबोटीच्या पुढे पावसाळ्यात कुणी ड्रोन काढला की हमखास हरवतो. डोंगराआड गेला की सिग्नल संपला, आणि परत येताना ढगात. जॅमर लावायला तिकडे कोण जाणार, जळवा? आणि भीमगड अभयारण्यात उडवू नका. ड्रोन परत मिळेल, पण फॉरेस्टवाल्यांकडून.

कॅम्पातली_वकील

कायद्याचं कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

खासगी माणसाने जॅमर बाळगणं, विकणं, वापरणं आपल्याकडे बेकायदा आहे. दूरसंचार विभागाने जानेवारी २०२२ मध्ये हे पुन्हा जाहीर करून सांगितलं. तुरुंगात, परीक्षाकेंद्रावर किंवा सुरक्षा यंत्रणांकडे जे जॅमर असतात ते केंद्राच्या परवानगीने. ऑनलाइन मिळतोय म्हणून मागवला आणि लग्नात शेजारच्या स्टुडिओवर लावला, असं कुणाच्या डोक्यात असेल तर काढून टाका. दुसऱ्याच्या ड्रोनचा ताबा घेणं म्हणजे परवानगीशिवाय संगणक यंत्रणेत शिरणं. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलम ४३ आणि ६६. तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या गच्चीवर आला म्हणून दगड मारून पाडला तरी नुकसानीचा प्रश्न येतोच. आजींनी लुगड्यात गुंडाळून ठेवला हे उत्तम केलं.

आता उडवणाऱ्यांकडे वळू. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचा 'नॅनो', त्यावर दोन किलोपर्यंत 'मायक्रो'. नॅनोला आणि हौसेसाठी उडवलेल्या मायक्रोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण पैसे घेऊन लग्न, मिरवणूक शूट करता ती हौस नाही. तिथे मायक्रोला प्रमाणपत्र लागतं. नियम मोडल्यास एक लाखापर्यंत दंड. शिवाय सांबऱ्याचा विमानतळ विसरू नका. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात विनापरवानगी २०० फुटांपर्यंतच जाता येतं, त्याहून जवळ आलात तर परवानगीच लागते. उडवण्याआधी सरकारी नकाशावर आपली जागा कुठल्या रंगात येते ते बघा. लष्करी भाग तर आपल्या गावातच आहे, मराठा सेंटरच्या भिंतीवरून शॉट घ्यायची हौस करू नका.

आणि हो, मिरवणुकीत गर्दीच्या डोक्यावर ड्रोन. ह्यावर मी इथे लिहीत नाही, फोन करा.

शहापूर_स्टुडिओ

वकीलताई, फोन करतो. 😅

पण पोलिसांच्या जॅमरचं काय? त्यांना परवानगी असते म्हणता.

कॅम्पातली_वकील

असते. म्हणून त्या दिवशी होता हे सिद्ध होत नाही.

रेडिओआजोबा

तर्काने जाऊ. सरकारी ड्रोनरोधक यंत्रणा आहेत. २७ जून २०२१ ला जम्मूच्या हवाईदल तळावर ड्रोनने स्फोटकं टाकली, त्यानंतर तर सगळ्यांनाच घाई झाली. डीआरडीओ ह्या सरकारी संरक्षण संशोधन संस्थेची यंत्रणा त्याआधीच, २०२० च्या स्वातंत्र्यदिनाला, लाल किल्ल्याजवळ लावली होती. बनवायचं काम आपल्याच राज्यातल्या, बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडे (बीईएल) आहे. असल्या यंत्रणा रिमोटचा दुवा आणि जीपीएस दोन्ही दाबू शकतात. दोन्ही गेलं की ड्रोनला घरी जाता येत नाही. वाऱ्याबरोबर वाहतो किंवा आहे तिथेच उतरायला लागतो. आणि असा जॅमर चालू झाला असता तर त्या चौकातल्या बाकीच्या ड्रोनचीही हीच गत झाली असती. झाली का?

परीक्षेचा किंवा तुरुंगाचा जॅमर म्हणाल तर तो मुख्यतः मोबाइलच्या पट्ट्यांसाठी असतो.

तुमचा तर शांतपणे, नीट दिशा धरून गेला, उतरलाही नीट. म्हणजे त्याचा जीपीएस ठणठणीत होता. त्याला कुठे जायचं ते माहीत होतं. फक्त ती जागा तुमची नव्हती. लॉग काढा.

शहापूर_स्टुडिओ

लॉग म्हणजे?

शेवटच्या_बाकावरचा

ॲपमध्ये प्रत्येक उड्डाणाची नोंद असते. सेकंदासेकंदाला उपग्रह किती, उंची किती, रिमोटची दांडी कुठे ढकलली, ड्रोन कुठल्या मोडमध्ये होता. काढून त्यातला पहिला मिनिट आणि सिग्नल गेल्यानंतरचा भाग इथे टाका. जागेचे आकडे खोडून टाका, आजींचं घर कळायला नको.

शहापूर_स्टुडिओ

काढला. पोराला शेजारी बसवून वाचतोय. टाइप करतो तसंच्या तसं:

उड्डाण: उपग्रह ६, होम पॉइंट: नोंद नाही.
बोळाच्या तोंडाशी: उपग्रह १३. "होम पॉइंट नोंदवला."
पुढे मिरवणुकीवर: उपग्रह १७, दुव्याची ताकद कमी, कमी, कमी.
मग: "रिमोटचा सिग्नल तुटला. परत घरी."
नंतर रिमोटच्या दांड्या सगळ्या शून्यावर. उपग्रह १७, १८. शेवटी "उतरतोय".

शेवटच्या_बाकावरचा

बास. सापडला चोर.

बोळात दोन्ही बाजूंना घरं, वर पताका, आकाशाची नुसती चिंचोळी पट्टी. ड्रोनला पुरेसे उपग्रह दिसलेच नाहीत, म्हणून उडताना त्याने घर नोंदवलं नाही. पहिल्यांदा मोकळं आकाश मिळालं ते बोळाच्या तोंडाशी, पलीकडच्या गल्लीला लागून. तिथं त्याने ठरवलं, हे माझं घर. सिग्नल तुटल्यावर आज्ञाधारक पोरासारखा तिथेच परत गेला. थोडा इकडेतिकडे झाला आणि आजींच्या गच्चीवर उतरला.

"होम पॉइंट नोंदवला" असं ॲप बोलून दाखवतं. तुमच्याकडे ते डॉल्बीत कुणाला ऐकू जाणार!

कुणी ताबा घेतला असता तर लॉगमध्ये मोड वेगळा दिसला असता, दांडीच्या हालचाली दिसल्या असत्या. खोटा जीपीएस दिला असता तर जागा एकदम उडी मारते, किंवा ड्रोनचा आतला वेग आणि जीपीएसचा वेग जुळत नाही. इथे सगळं जुळतंय.

शहापूर_स्टुडिओ

बरं, घराचं पटलं. पण मुळात सिग्नल तुटला का? रिमोट काही लांब नव्हता.

रेडिओआजोबा

लांबीचा प्रश्नच नाही. तुमचं पोरगं बोळात उभं, मध्ये तीनमजली घरं, ड्रोन पलीकडे. २.४ गिगाहर्ट्झला भिंत आवडत नाही. त्यात चौकात हजारो मोबाइल, त्यांचे हॉटस्पॉट, वायरलेस माइक, एलईडी वॉल. हलक्या बनावटीच्या एलईडी वॉलचा वीजपुरवठा रेडिओ गोंगाट किती करतो ते माझ्या हॅम सेटवर दरवर्षी ऐकतो. आणि दुसऱ्या मंडळांचे ड्रोन? ते तर तुमच्याच पट्टीत. जॅमर कुणी आणलेला नाही, सगळ्यांनी मिळून तयार केलेला आहे.

पुढच्या वेळी उडवणाऱ्याला गच्चीवर उभा करा, ड्रोन डोळ्यांना दिसला पाहिजे. उपग्रह भरेपर्यंत उडवायचा नाही. घराची खूण नकाशावर आपल्या पायाखाली आहे ना ते बघायचं. परतीची उंची आजूबाजूच्या सगळ्यात उंच टॉवरपेक्षा जास्त.

निपाणीकर

म्हणजे महागातला ड्रोन पळवताच येत नाही, असं समजायचं का?

शेवटच्या_बाकावरचा

असं कोण म्हणालं? २०२३ मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठाच्या चमूने डीजेआय ह्या चिनी कंपनीच्या ड्रोनमध्ये १६ त्रुटी काढल्या. काहींमुळे ड्रोनचा अनुक्रमांक बदलता यायचा, काहींमुळे उडता ड्रोन पाडता यायचा. कंपनीने अपडेट देऊन त्या बुजवल्या. पण माझ्या मते त्यातली खरी गंमत दुसरीच आहे. हे ड्रोन आपली ओळख हवेत सांगत फिरतात, 'ड्रोनआयडी' म्हणतात त्याला. त्यात ड्रोन कुठे आहे ते असतं आणि उडवणारा कुठे उभा आहे तेही. आणि ते एनक्रिप्ट केलेलं नव्हतं. म्हणजे ड्रोन पळवणं अवघड, पण उडवणाऱ्याला शोधून काढणं सोपं. पोलीस चौकात जॅमर कशाला लावतील? सरळ बोळात येऊन तुमच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवतील.

कॅम्पातली_वकील

ह्यासाठीच फोन करा म्हटलं होतं.

शहापूर_स्टुडिओ

पोराचा चेहरा बघण्यासारखा झालाय. प्रमाणपत्राच्या कोर्सची चौकशी उद्याच करतो. कुणाला माहिती असेल तर सांगा, बेळगाव किंवा हुबळीकडे असेल तर बरं.

चिकोडीचा_ऊस

कोर्सचं मलापण कळवा, आमच्या भावाचा पोरगा रिकामा बसलाय. आणि शहापूरवाले, जुनी बॅटरी काढायची असेल तर सांगा. फुगलेली नको.